अळणी भाताचा डबा

परवा केडगावहून सुजाताचा फोन आला. "आई, उद्या पोरीची पोहण्याची शर्यत आहे. डब्याला काय देऊ?" प्रश्न साधा होता. केळं दे, चिक्की दे, बाटलीत लिंबाचं पाणी दे, असं सांगून मोकळं व्हायचं. पण माझं लक्ष बाहेर गेलं. मी दारात उभी होते. भादवा सरत आलेला. शेजारच्या रानात बाजरीची कणसं खुडून पडली होती आणि त्यांचा कोरडा, नाकात जाणारा वास अंगणापर्यंत येत होता.

"आई, ऐकतेस ना?"

"मीठ बघून घाल," मी म्हणाले.

ती हसली. "केळ्याला मीठ?"

मीही हसले. फोन ठेवला. 

भादव्याच्या शेवटी आमच्या गावच्या बारवेचं पाणी वर येतं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, रस्त्यावरून सरळ पोटात उतरत जाणारी. पावसाच्या दिवसांत पाणी तळालाच असतं. पाऊस थांबला, ऊन चटके देऊ लागलं की मग ते चढायला लागतं. आवाज करत नाही. संध्याकाळी धुणं घेऊन यावं तेव्हा अकरा पायऱ्या कोरड्या असाव्यात आणि सकाळी पाहावं तर नऊच. मधल्या वेळात कुणी पाहिलेलं नसतं. वरून हाक मारली तर ती लगेच परत येत नाही. आपण विसरून जावं, पदर सावरावा, आणि मग खालून आपलाच आवाज यावा, पण थोडा बारीक होऊन, लहान मुलीचा असावा तसा.

बारवेच्या डाव्या भिंतीत कोनाडा आहे. त्यात ओळीनं सात दगड मांडलेले. वीतभर उंच, नाक नाही, डोळे नाहीत. त्या आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. पाणी चढलं की कोनाडा बुडतो. पाणी उतरलं की दगड पुन्हा दिसतात, आणि दिसतात तेव्हा त्यांच्यावर हळद असते. ओली, पिवळीधमक. मी लग्न होऊन ह्या गावात आले त्याला किती वर्षं झाली. हळद लावताना मी कुणालाही पाहिलेलं नाही.

आमच्या घरात ह्या गोष्टींना थारा नव्हता. माझे सासरे, आबा, ऐन तरुणपणी बौद्ध झालेले. दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले देव टोपलीत घालून त्यांनी नदीला सोडले होते. त्यांच्या लहानपणी आमच्या माणसांना ह्या बारवेच्या पायऱ्या उतरायची बंदी होती. घागर घेऊन वर उभं राहायचं. कुणाच्या मनात आलं तर तो ओतायचा, नाही आलं तर उन्हात उभं राहायचं. हे ते फार सांगत नसत. पण कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसले आणि उन्हाळ्यात त्यांनी सुजाताला त्याच बारवेवर नेलं. सुजाता तेव्हा चौथीत जाणार होती. मी ज्या इयत्तेत शाळा सोडली ती इयत्ता. तेलाचा रिकामा डबा तिच्या पाठीला बांधायचा, पायरीवर उभं करायचं आणि म्हणायचं, "मार उडी. पानी तुज्या बापाचं हाय."

तिचा बाप, म्हणजे माझे मालक, त्या वेळी कारखान्यात पाळीवर असायचे. वर बसून पाहायची मी. ती उडी मारायची आणि दिसेनाशी व्हायची. तेवढ्या वेळात माझं काय व्हायचं ते कुणाला दिसत नसे, कारण मी धुण्याकडे बघत असायची. आबा पोहून वर आले की धोतर पिळायचे आणि त्या सात दगडांवर वाळत टाकायचे. मुद्दाम. माझ्याकडे बघत.

महिनाभरात डबा सुटला. मग तिला पाण्याखालचं वेड लागलं. वर पोहायचीच नाही. खाली खाली जायची.

"आई, खाली बांगड्या वाजत्यात," एकदा वर येऊन म्हणाली. ओठ निळे पडलेले.

"कुनाच्या?"

"लई जनींच्या."

"तळाला खापरं हायेत," आबा म्हणाले. "पान्यानं हलत्यात."

सुजातानं थोडा विचार केला. "खापरं गानं म्हनत्यात व्हय, आबा?"

आबा हसले. मी पिळलेलं लुगडं पुन्हा पाण्यात बुडवलं.

माझं माहेर पाथर्डीकडचं, कोरड्या मुलखातलं. तिथे पाणी कमी, म्हणून पाण्याचं भय जास्त. माझी आईसुद्धा दीक्षा घेतलेलीच. पण दर भादव्यात एके दिवशी ती गुपचूप भात शिजवायची. त्यात दही कालवायची, वाटीनं दाबून सात मुदी पाडायची आणि पदराखाली लपवून विहिरीवर न्यायची. चाखायचं नाही, मीठ घालायचं नाही आणि कुणासाठी ते बोलायचं नाही. पाण्यातल्या बायांना मीठ चालत नाही, एवढंच तिनं मला एकदा सांगितलं. आमच्या घरातलं कुणी कधी बुडालं नव्हतं. "म्हनूनच," आई म्हणायची. बुडालेलं माणूस असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण त्या एका शब्दाचं काय करायचं, हे मला कधी कळलं नाही. एकदा मी विचारलं होतं, "आणि एखाद्या साली दिलं न्हाई तर?" आईनं माझ्याकडे पाहिलं. "तसं कुनी करत न्हाई."

लग्नानंतर मी कधी दिलं नव्हतं. द्यायचं कारणही नव्हतं. मी पाण्यात उतरत नव्हते आणि माझं कुणी उतरत नव्हतं.

सुजाताच्या शाळेतल्या बाई घरी आल्या तो दिवस मला उन्हासकट आठवतो. अंगणात बाजरी वाळत होती. बाई कणसं ओलांडत ओलांडत आल्या. "सुजाताच्या आई, तालुक्याला पोहण्याच्या स्पर्धा आहेत. दहा वर्षांखालच्या मुलींत आपल्याकडून हिचं नाव दिलंय." मी मान खाली घालून ऐकत होते. चार माणसांत कुणी माझं नाव विचारलं तरी माझी मान अशीच व्हायची. बाईंनी डब्याचं सांगितलं. तेलकट नको, पोटात गोळा येतो. केळं, ग्लुकोजची बिस्किटं, चिक्की, लिंबाचं सरबत. "आणि हलकं काहीतरी, दहीभात वगैरे."

दहीभात त्या स्वतः म्हणाल्या. मी नाही म्हणाले.

पोहण्याचा पोशाख शाळेकडे एकच होता, निळा, मोठ्या मुलीच्या मापाचा. मी त्याला खांद्यावर टाके घातले. तो हातात घेतला की गार लागायचा, वाळलेला असला तरी.

स्पर्धेच्या पहाटे मी चूल पेटवली. लिंबू पिळलं, साखर विरघळवली, बाटलीचं झाकण फिरवून फिरवून घट्ट केलं. चिक्कीचे तुकडे कागदात बांधले. केळं काळं पडू नये म्हणून पंच्यात गुंडाळलं. ही सगळी कामं मी हळू हळू करत होते. भात मागच्या चुलीवर रटरटत होता आणि त्याच्याकडे न बघता मला सगळं करायचं होतं. मिठाचा डबा फळीवर होता, हाताशी. मी तिकडे हात नेला नाही. दही कालवलं. वाटी ओली करून दाबली, उलटी केली. एक. दोन. सातवी मूद पडली तेव्हा पातेल्यात भात उरलाच नाही. मोजून शिजवला नव्हता, तरी बरोबर सातच झाल्या.

डबा दोन पुडाचा. खालच्या पुडात सुजाताचा खाऊ, वरच्यात केळीच्या पानावर त्या मुदी.

"ह्ये वरचं तुझं न्हाई," मी तिला वेणी घालता घालता सांगितलं.

"मग?"

"पान्यात उतरायच्या आधी तिथल्या पोरींना वाट. सात जनींना."

"सातच का?"

"सातच हायेत."

"मुदी का पोरी?"

माझा हात वेणीत थांबला. "मुदी," मी म्हणाले.

आबा तोंड धुऊन आत आले. त्यांना तिच्याबरोबर जायचं होतं, म्हणून इस्त्रीचा सदरा घातला होता. चुलीपाशी वाकून त्यांनी पातेल्याला चिकटलेली चार शितं बोटानं काढली आणि तोंडात टाकली. मग बोट तसंच तोंडाजवळ राहिलं.

"सूनबाई, मीठ?"

"विसरले."

"विसरलीस व्हय," ते म्हणाले. डब्याकडे बघत राहिले. मग पिशवी स्वतःच उचलून बाहेर गेले.

दिवसभर मी बाजरी बडवत होते. दुपारी धुणं घेऊन बारवेवर गेले. वारा अजिबात नव्हता, पिंपळाचं पान हलत नव्हतं, वर कुणी माणूस नव्हतं. आणि पाणी हलत होतं. घाईनं कुणी बाहेर गेल्यावर दार थोडा वेळ हलत राहतं, तसं. कोनाडा बुडालेला होता. मी धुणं न धुता परत आले.

सांजेला जीप आली. सुजाता चालू गाडीतूनच ओरडली, "आई, पैली आले!" मागून बाई उतरल्या. "काय सांगू तुम्हाला, बाकीच्या मुली अर्ध्यात होत्या तेव्हा ही पोचली होती. मी अशी मुलगी पाहिली नाही." गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. एक म्हणाली, "मासोळी हाय जनू." दुसरी म्हणाली, "आता सासर समुद्रातलंच बघा." सगळ्या हसल्या. आबा उंबऱ्यावर ताठ बसले होते. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते मी पहिल्यांदा पाहत होते.

मी तिला जवळ घेतलं. केसांना हौदातल्या औषधाचा वास येत होता, झोंबणारा.

"दमलीस?"

"न्हाई. मी पवलेच न्हाई जास्त. पानीच मला ढकलत हुतं."

"डबा वाटलास?"

"व्हय. कोपऱ्यात सात जनी बसल्या हुत्या. त्यांचे केस वल्ले हुते. कुनाशी बोलत न्हवत्या. मी म्हनलं, मीठ ऱ्हायलंय आईचं. तर एक म्हनली, आमाला असाच लागतो."

डबा उघडला. स्वच्छ धुतलेला. तळाशी चमचाभर पाणी. "त्यांनीच धुऊन दिला," सुजाता म्हणाली. मी डबा नाकाशी नेला. औषधाचा वास नव्हता. शेवाळाचा होता, आणि ऊन कधी न लागलेल्या दगडाचा. आमच्या बारवेचा.

आबांना मी बेतानंच विचारलं, "तिथं सात पोरी हुत्या का, कोपऱ्यात?"

"मी तवा चहाला गेल्तो," ते म्हणाले. "आलो तर हीच एकटी बसल्याली."

सात पोरी तिथे असतीलच. कुठल्यातरी वसतिगृहाच्या असतील. घरून डबा न आलेल्या, भुकेल्या. भुकेलेल्या पोरी असंच म्हणतात, आम्हाला असाच लागतो. मी स्वतःला हे तेव्हाही सांगितलं आणि अजूनही सांगते. डबाही त्यांनी नळावर धुतला असेल. पण पुढचं कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी जेवताना सुजातानं ताट सरकवलं. "आई, मीठ नको घालत जाऊ. खारट लागतं." आमटी नको, चटणी नको. नुसता भात, दही, अळणी. बादलीत हात घालून बसायची. हाक मारली तर वळायची, पण लगेच नाही. आपण विसरून जावं आणि मग तिनं "काय?" म्हणावं.

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. मी दिलं ते तिला राखावं म्हणून. पण इतके दिवस त्यांना ती ठाऊक तरी होती का? ओळख माझ्या हातानं झाली. आता दर वेळी द्यावं लागणार, आणि एखाद्या वेळी चुकलं की त्या घ्यायला येणार. माझी पोर माझी राहणार की पाण्याची होणार, एवढाच प्रश्न होता आणि तो विचारायला माणूस नव्हतं.

जिल्ह्याची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली. मी बाजरी वारवत होते. आबा शेजारी येऊन बसले.

"सूनबाई, भातात मीठ का न्हवतं?"

मी सूप खाली ठेवलं.

"सात मुदी मी बी मोजल्या. माझी आई असाच करायची. आमाला त्या पायऱ्या उतरू देत न्हवते, पर निवद चालायचा बरं का. वरच्या पायरीवर ठिवायचा आन मागं न बघता यायचं. सकाळी पान मोकळं असायचं."

"मग कोन खायचं, आबा?"

"कुत्री." जरा थांबले. "कुत्रीच असतील."

बाजरीचा भुसा आमच्या दोघांच्या अंगावर पडला होता. ते पुढे बोलले तेव्हा आवाज चढला नव्हता. "सगळा उन्हाळा म्या त्या पोरीला पान्यात उभी केली. तिचा नंबर आला तो तिच्या दंडानं आला. तिची म्येहनत तू दगडाच्या नावावर घालू नगंस. ह्या बारीला डब्यात मीठ घाल. मला शबूद दे."

मी दिला. त्यांना नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती. आणि ते खोटं बोलत नव्हते हेही मला दिसत होतं.

त्या खेपेला मी मीठ घालून मेथीच्या दशम्या केल्या. केळं, चिक्की, लिंबाचं पाणी. एकटीचा डबा. भात शिजवलाच नाही. आणि बाईंना म्हणाले, मीपण येते. बाई चकित झाल्या.  सुजातानं वाटेत दशमीचा तुकडा तोडला, तोंड वाकडं केलं आणि डबा बंद केला.

नगरच्या तलावात फरशी निळी होती, पाणी तळापर्यंत दिसत होतं. मला बरं वाटलं. ह्यात लपायला जागा नाही. दोऱ्या बांधून आठ पट्टे केले होते. पोरी ओळीनं उभ्या राहिल्या, सगळ्यांच्या डोक्याला टोप्या, सगळ्या सारख्या. सुजाता आणि आणखी सात. मी दोनदा मोजल्या. 

शिट्टी झाली. आठही पाण्यात पडल्या. लोक ओरडत होते, टाळ्या वाजत होत्या, आबा उभे राहून "हाण! हाण!" म्हणत होते. सुजाता पहिल्या झटक्यातच सगळ्यांच्या पुढे गेली होती. आणि मग तिचं डोकं वर येईना. सात टोप्या दिसत होत्या, वर येत होत्या, श्वास घेत होत्या. तिची नव्हती. खाली पाण्यात निळी सावली सरकताना दिसत होती, हात न मारता, पाय न मारता, पुढे पुढे.

"बघा, बघा कशी चाललीय!" बाई म्हणाल्या.

मी उठले. कठड्यापाशी गेले. माझा आवाज मी आयुष्यात एवढा मोठा काढला नव्हता, बाळंतपणातसुद्धा नाही.

"सुजा! ए सुजा! वर ये! मी हितं हाय! तुझी आई हितं हाय!"

 माणसं माझ्याकडे वळून बघत होती. सुजाताचं डोकं भसकन वर आलं. ती पट्ट्याच्या मध्यावर थांबली, दोरी धरली, इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर माझ्यावरून गेली आणि पुढे गेली. तिनं मला ओळखलं नाही. मी पुन्हा हाक मारली. नजर हळू हळू परत आली, माझ्यावर टेकली, आणि तिला रडू फुटलं. तोवर बाकीच्या तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या.

आबा खाली बसले. "पोरगी पुढं हुती गं," ते म्हणाले. मला नाही, फरशीला म्हणाले. त्यांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही आणि ते वाक्य मी कधी विसरले नाही. सुजाता नंतर पोहली, अजूनही पोहते, पण शर्यतीत पुन्हा उतरली नाही. मी तिला वाचवलं की तिचा नंबर घालवला, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. आबाही गेले.

त्या दिवशी मी तिला पंच्यात गुंडाळून कडेला घेऊन बसले होते. ती कुडकुडत होती. भूक लागली म्हणाली. दशमी दिली, ती तिनं गपागपा खाल्ली, दुसरीही मागितली. मग खाता खाता माझ्याकडे वर पाहिलं.

"आई, तू वरडलीस?"

"व्हय."

"तुला लाज न्हाई वाटली?"

"वाटली."

"खाली ऐकू आलं," ती म्हणाली. "तू हाक मारली, मग त्या थांबल्या."

मी तिचं तोंड पुसलं. कोण थांबल्या, ते विचारलं नाही. शर्यतीतल्या सातही जणी कधीच पलीकडे पोचल्या होत्या. त्यांच्यातली एकसुद्धा थांबली नव्हती.